स्वरलिपीची छपाई आणि फॉन्टची योजना

समूहगीत शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकास गायनाचे शिक्षण मिळालेले असतेच असे नाही. अशा वेळी हाती आलेली छापील स्वरलिपी हाच त्याचा आधार असतो. म्हणून ती जशी लिहिली तशीच त्याच्यापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत शुद्ध स्वरास खूण नसते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब आणि तार सप्तकातील स्वरावर टिंब देतात. खुणा लहान खऱ्या. परंतु रागाचे स्वरूप त्यांवरच अवलंबून असते. ‘सा रे ग प ध’ यांतील रे व ध यांखाली रेघा असतील, तर ते भैरव थाटातील विभासाचे, प्रातःकाळचे स्वर होत. त्या दोन रेघा गळाल्या की तेच रात्रीच्या पहिल्या प्रहरी गाइल्या जाणाऱ्या भूपाचे स्वर होतात.

संगणकावर या खुणांचे आकार फॉन्टमध्ये असतात. साध्या दस्तऐवजात बहुधा अक्षरांचे संकेतांक व फॉन्टचे नाव एवढेच साठविले जाते. प्रत्यक्ष आकार नव्हेत. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर त्याच्या जागी दुसरा योजिला जातो. मग कोठे टिंब सरकते, कोठे रोमन अक्षर उमटते, तर कोठे रेघच नाहीशी होते. रोमन अक्षराची चूक तत्काळ ध्यानी येते. गळालेली रेघ मात्र ध्यानी येत नाही. कारण खूण नसलेला स्वर शुद्ध म्हणून निर्दोषच दिसतो, आणि मुले चुकीचा स्वर पाठ करतात.

यावर उपाय म्हणजे फॉन्ट दस्तऐवजातच अंतर्भूत करणे. त्यासाठी स्वरलिपी पीडीएफ स्वरूपात पाठवावी. पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टांची यादी असते. तीत प्रत्येक नावापुढे तो अंतर्भूत असल्याची नोंद आहे, हे पाहावे. काही फॉन्टांच्या परवान्यात यास मनाई असते. तेव्हा परवानगी असलेला दुसरा फॉन्ट निवडावा.

प्रती काढण्यापूर्वी शिक्षकांनी एक प्रत दुसऱ्या संगणकावरून छापून मूळ हस्तलिखिताशी खूण न् खूण ताडून पाहावी. तसेच गीताच्या शिरोभागी ‘रे व ध कोमल, इतर स्वर शुद्ध’ असे शब्दांत लिहावे. एखादी रेघ गळालीच, तरी हे एक वाक्य वाचणाऱ्यास सावध करील.