विश्लेषण : ‘ॲस्टेरिक्स’च्या पानांवर अचानक पाऊस का पडू लागला?

‘ॲस्टेरिक्स’ मालिकेतील बेल्जियमच्या कथेत मध्येच आभाळ भरून येते आणि पाऊस सुरू होतो. कथेला त्याची काहीच गरज नाही. मग चित्रकार अल्बेर उदेर्झो यांनी तो का काढला?

उदेर्झो कोण होते?

जन्म २५ एप्रिल १९२७, फ्रान्समध्ये, इटालियन स्थलांतरितांच्या घरात. जन्मतः दोन्ही हातांना सहा-सहा बोटे होती. जादा बोटे शस्त्रक्रियेने काढावी लागली. त्यात रंगांधत्व. त्यामुळे त्यांचा सगळा भर रेषेवर राहिला.

१९५१ मध्ये लेखक रने गोसिनी भेटले आणि जोडी जमली. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘पिलोत’ साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात ॲस्टेरिक्स अवतरला. सीझरने सगळा गॉल, म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, जिंकला; पण एक गाव काही त्याच्या हाती लागले नाही, अशी ही गोष्ट. उदेर्झोंना नायक धिप्पाड हवा होता, गोसिनींना बुटका आणि चलाख. नायक बुटकाच ठरला, पण उदेर्झोंनी त्याच्या जोडीला आडदांड ओबेलिक्स आणलाच! लोकप्रियता अशी की १९६५ मध्ये फ्रान्सच्या पहिल्या उपग्रहालाही ‘ॲस्टेरिक्स’ हेच नाव मिळाले.

मग काय घडले?

५ नोव्हेंबर १९७७ रोजी हृदयाची तपासणी सुरू असतानाच गोसिनींचा मृत्यू झाला. वय अवघे ५१. बेल्जियमच्या कथेची संहिता लिहून झाली होती, चित्रे अर्धवट होती. उरलेली पाने उदेर्झोंनी एकट्याने काढली. पाऊस तिथलाच.

मालिका थांबली का नाही?

उदेर्झोंनी स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि १९८० पासून लेखनही स्वतःच केले. खप वाढतच गेला, पण गोसिनींची तिरकस विनोदबुद्धी या कथांत नाही, अशी टीका होत राहिली. ती चुकीची म्हणता येणार नाही. परग्रहवासी आणणारा २००५ चा अल्बम तर चाहत्यांनाही पचला नाही. मुखपृष्ठावर गोसिनींचे नाव मात्र त्यांनी कायम ठेवले.

आपल्यानंतर ॲस्टेरिक्स नको, असे ते आधी म्हणत. पुढे त्यांनी संस्थेतील हिस्सा ‘आशेत’ या बड्या प्रकाशन समूहाला विकला आणि मालिका चालू ठेवण्यास परवानगी दिली. त्यावरून मुलगी सिल्वी हिने २००९ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले. समेट व्हायला २०१४ उजाडले. तोवर नव्या लेखक-चित्रकाराचा पहिला अल्बम बाजारात आलाही होता.

२४ मार्च २०२० रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, झोपेतच उदेर्झोंचे निधन झाले. फ्रान्समध्ये तेव्हा टाळेबंदी होती. मृत्यूचे कारण करोना नसल्याचे कुटुंबाला मुद्दाम सांगावे लागले.