विळी-खुरप्याला घरच्या घरी धार



फेब्रुवारी लागला की सोलापूरकडे मालदांडी ज्वारीची काढणी सुरू होते. ताटे आडवी पडली की बायका कणसे मोडायला बसतात, आणि कोणाच्या हातात कसा विळा आहे ते दुपारपर्यंत कळते. धारेचा विळा लागतो न लागतो तोच कणीस सुटते. बोथट विळा ओढावा लागतो आणि ओढता ओढता निसटला की बोटावर येतो. मोटार जळाली तर घरचा कर्ता त्याच दिवशी तालुक्याला पळतो. विळीची धार गेली असे सांगितले तर ‘जरा दाबून चीर’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून हे काम घरातल्या बाईनेच शिकून घ्यावे असे आम्हाला वाटते. अवघड मुळीच नाही.

एकच वस्तू घ्यायची असेल तर दुहेरी निसणा, म्हणजे धारेचा दगड घ्या. आठ इंच लांब, दोन इंच रुंद. एक बाजू भरड, दुसरी बारीक. दगडावर आकडा असेल तर तो जितका मोठा तितका दगड बारीक, हे ध्यानात ठेवा. भरड बाजू १२० च्या आसपास आणि बारीक २४० च्या आसपास असली तरी घरकामाला पुरते. घेताना कडेला तडा नाही ना ते पाहा, आणि पट्टी आडवी धरून पृष्ठभाग सपाट आहे का ते तपासा. आपले जुने लोक कुरुंदाचा दगड वापरीत. हल्लीचा काळा-करडा दगड बहुधा कार्बोरंडमचा असतो. वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून तो बनवतात. अमेरिकेत ॲचेसन यांना १८९१ मध्ये तो साधला. उंबऱ्याच्या काळ्या पाथरीवर पाते घासण्याची सवय मात्र सोडा. तिची भरड एकसारखी नसते.

दुसरी वस्तू चपटी कानस. ती खुरप्यासाठी आणि कोयत्यासाठी. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे येताना उचलून घ्यावी, नाहीतर तिचेच दात जातात. पात्यावरून ती नुसती घसरू लागली तर ते पोलाद कडक आहे, तेथे दगडच हवा.

बाजारात खाचेतून सुरी ओढायचे छोटे यंत्रही मिळते. सुरीपुरते चालते, पण धातू फार खाते आणि विळ्याच्या वळणाला त्याचा उपयोग नाही.

आता विजेच्या चाकाविषयी. आमच्या घरची पाच खुरपी एकदा एका वेल्डिंगच्या दुकानात नेली होती. दहा मिनिटांत चकचकीत होऊन आली. कडेला मोरपिशी निळा रंग चढला होता, तो आम्हाला छानच वाटला. आठवडाभरात खुरपताना त्या कडा वाकू लागल्या. लोहाराने पाहताच सांगितले, ‘पाणी उतरलं याचं.’ पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले की निळे पडते, आणि लोहाराने पाणी देऊन आणलेला कडकपणा जातो. मग निळा भाग घासून काढावा, नाहीतर पुन्हा भट्टीत घालावे. चाकच वापरायचे तर पाते क्षणभर टेकवा आणि लगेच पाण्यात बुडवा. हाताला चटका बसण्याइतके ते तापूच देऊ नका.

सुरीपासून सुरुवात करा. दगड ओला करून खाली ओले फडके घाला, म्हणजे तो सरकणार नाही. बोटभर रुंदीच्या सुरीपेक्षा थोडी मोठी, तीन सेंटिमीटर रुंद सुरी असेल, तर तिची पाठ दगडापासून सुमारे एक सेंटिमीटर वर ठेवा. हा कोन शेवटपर्यंत बदलू नये. सारे मर्म यातच आहे. एकाच बाजूने घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला, पाठीकडून धारेकडे अलगद बोट नेले तर बारीक खरखर लागते. कड उलटून पलीकडे वळल्याची ती खूण. ती मुठीपासून टोकापर्यंत लागली की बाजू बदला. मग दगड पालथा करून बारीक बाजूवर हलक्या हाताने आळीपाळीने फिरवा, खरखर जाईपर्यंत. धार अंगठ्यावर पाहू नका, पिकल्या टोमॅटोच्या सालीवर पाहा.

विळीचे पाते दगडावर नेता येत नाही, दगडच पात्यावर न्यावा लागतो. पाट पायाखाली घट्ट दाबा, धार आपल्यापासून पलीकडे वळवा आणि छोटा दगड बुडापासून टोकाकडे फिरवा. बोटे दगडाच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. पोरे आसपास नसावीत. विळ्याच्या आतल्या वळणात सपाट दगड बसत नाही. त्याला अर्धगोल कानस लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा दातेरी आहे, त्याच्या दातांना मात्र चाक लावू नये.

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबवाल्यांनी छाटणीच्या कात्रीची फक्त उतरती बाजू घासावी. सपाट बाजू घासली तर पाती एकमेकांना भिडत नाहीत आणि फांदी चिरडते. तेल्या हा जिवाणूंचा रोग कात्रीबरोबरही पसरतो, म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणात बुडवावीत. त्याने लोखंड गंजते, तेव्हा संध्याकाळी कात्री धुऊन, पुसून तेल लावा.

तेलावरून आठवले. आपल्याकडे घरोघर करडईचे तेल, हात तिकडेच जातो. पण ते हवेत वाळून चिकट होते. दगडाला लावले तर त्याची छिद्रे बुजतात. दगडाला पाणी किंवा शिलाई मशीनचे तेल, दोन्हींपैकी एकच काहीतरी, आणि पात्याला खोबरेल.

वर्षा-दोन वर्षांत दगड मधोमध खोलगट होतो. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर वाळू-पाणी टाकून तो गोल गोल घासला की पुन्हा सपाट होतो. तुकडा जुना, टाकाऊ घ्या. स्वयंपाकघरातल्या फरशीवर आम्ही हा प्रयोग केला होता, त्याचे ओरखडे अजून आहेत.