खोकला कधीपासून?

जिल्हा रुग्णालय. दिवाळीनंतरचा सोमवार असल्याने गर्दी उसळली आहे. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग व्हरांडा ओलांडून जिन्यापर्यंत पोचली आहे. रांगेत बाळंतीण आहे, शुगरच्या गोळ्या न्यायला आलेली आजी आहे, तापाने फणफणलेलं पोर आहे. त्यांच्यात मधूनच कुणीतरी खोकतं.

एन-९५ मास्क लावलेल्या सिस्टर रांगेच्या कडेने चालत प्रत्येकाला विचारताहेत, "खोकला आहे का? कधीपासून?"

"मी गुडघ्यासाठी आलोय," साठीतले एक काका म्हणतात.

"खोकताय ना पण?"

"ते चालूच असतं. दसऱ्यालाही होतं."

"दसरा होऊन महिना झाला काका. वजन उतरलंय?"

काका सदरा वर करून कमरेचा पट्टा दाखवतात. मूळच्या भोकांच्या पुढे खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं आहेत, दुसरं अगदी ताजं.

सिस्टर त्यांना मास्क देतात आणि रांगेतून बाहेर काढतात. काकांचा चेहरा पडतो. "नंबर जात नाही तुमचा. गुडघापण आजच दाखवू," त्या समजावतात. आवारात लिंबाखाली एक बाक आहे, खोकणाऱ्यांसाठी खास उघड्यावर ठेवलेला. क्षयाचे जंतू बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. मोकळ्या वाऱ्यावर ते विरून जातात.

"आधी चूळ भरा. मग छाती भरून श्वास घ्या आणि आतून खाकरून बेडका काढा. नुसती थुंकी चालणार नाही." काका डबी घेऊन भिंतीपलीकडे जातात.

प्रयोगशाळेत टेक्निशियन बेडक्यात दुप्पट द्रावण घालतो, डबी घट्ट बंद करून हलवतो. पंधरा मिनिटांनी पातळ झालेला नमुना कार्ट्रिजमध्ये भरतो आणि सीबीनॅट यंत्रात सरकवतो. दोनेक तासांत दोन गोष्टी कळतील: क्षय आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का.

या दोन तासांचं मोल मोठं आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे वळवली होती. लागू पडणारं औषध सुरू झालेल्या रुग्णांकडून लागण फारच कमी होते, असं त्यांना दिसलं. म्हणजे रुग्णालयात खरी भीती क्षयाचं कार्ड असलेल्या, नेमाने गोळ्या घेणाऱ्या माणसाची नाही. भीती आहे ती गुडघ्याच्या रांगेत उभ्या असलेल्या, निदानच न झालेल्या माणसाची. त्याला हाड मोडलं म्हणून जनरल वॉर्डात भरती केलं, तर शेजारच्या खाटा आणि रात्रपाळीच्या सिस्टर त्याच हवेत श्वास घेणार.

दुपारी रिपोर्ट येतो. क्षय आहे, रिफाम्पिसिन लागू पडेल. डॉक्टर काकांना वजनकाट्यावर उभं करतात, कारण गोळ्यांचा आकडा वजनावर ठरतो. एचआयव्ही आणि शुगरसाठी रक्त घेतलं जातं. क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवर नाव चढतं; पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतील. गोळ्या सहा महिने.

"घरात तीन वर्षांची नात आहे हो," काकांसोबत आलेल्या काकू हळूच म्हणतात.

"उद्या घेऊन या. सगळ्यांनाच तपासू. तिला आजार नसला, तरी होऊ नये म्हणून औषध देऊ."

काका पहिल्या गोळ्या डॉक्टरांसमोरच गिळतात. खोकल्याची चौकशी झाली त्याच दिवशी उपचार सुरू झाले. हे प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक रांगेत व्हायला हवं. भारी यंत्राइतकीच इथे गरज आहे ती हा प्रश्न न चुकता विचारणाऱ्या माणसाची.

आणि कुणी विचारलं नाही, तर तुम्ही सांगा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर दुखणं दुसरंच असलं तरी केसपेपर काढतानाच बोला, मास्क लावा, बेडक्याची तपासणी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत आहे आणि औषधही मोफत आहे.