भिंतीवर नुसता आकडा

आज सीमेवर जवान पडला की तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते. मूर्तिजापूर तालुक्यातलं एखादं खेडं असो की साताऱ्याकडचं, अंत्ययात्रेत माणूस मावत नाही. पण ही रीत फार जुनी नाही. ती रुजली १९९९ च्या कारगिल युद्धापासून. त्याआधी बहुधा रणांगणाजवळच अग्नी दिला जाई आणि घरी येई ती तार. समुद्रापलीकडे पडलेल्याचं तर तोंडही पाहायला मिळत नसे.

यशवंत घाडगे त्यांपैकीच एक. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला नाईक. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तो सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटाच पुढे धावला. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. मग बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवलं. तेवढ्यात छातीत आणि पाठीत गोळ्या लागल्या. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर कुठेच नाही, नाव आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं.

व्हिक्टोरिया क्रॉस होता म्हणून यशवंत लक्षात राहिला. त्याच पलटणीचा पूर्वावतार म्हणजे ११० वी मराठा. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूतच्या वेढ्यात अडकली. घोड्यांचं मांस खायची पाळी आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत पडलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांवर सैनिकांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. तिथे गोऱ्या शिपायाचं नाव कोरलंय. हिंदुस्थानी अधिकाऱ्याचंही कोरलंय. साध्या हिंदुस्थानी शिपायाच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली एक आकडा: इतके मेले. नावं ठाऊक नव्हती असं नाही. ती वहीत होती. दगडावर घ्यायची नाहीत असं ठरवलं होतं, आणि ते ठरवणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने ही विषमता उघड कबूल केली ती २०२१ मध्ये.

मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकण आणि देशावरची. इंग्रजांना वऱ्हाडातून हवा होता तो कापूस, मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ रेल्वे त्याच्याच गाठी वाहायची. तरी वऱ्हाडातलं कुणी गेलंच नसेल असं धरून चालू नये. आयोगाची मृत सैनिकांची यादी आता संगणकावर फुकट पाहता येते. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गावही आहे. स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं, म्हणून दोन-चार तऱ्हांनी शोधावं. जिल्ह्याच्या जागी वऱ्हाडाचं इंग्रजी नाव ‘बेरार’ही घालून पाहावं. घरात त्या वेळचं पदक असेल तर त्याची कड उजेडात धरा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. त्या नंबरावरूनही नोंद सापडते. अर्थात चांदीचं म्हणून ते एखाद्या दुष्काळात सोनाराकडे गेलं नसेल तर.