साखरेबरोबर मनाचीही विचारपूस करा

‘अब्बा पथ्य पाळत नाहीत, गोळी चुकवतात, काही म्हटले की चिडतात.’ जळगाव-धुळ्यातल्या आपल्या घरांमधून ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्यावर उपाय म्हणून घरचे रागावतात, धाक घालतात. पण जो माणूस वर्षानुवर्षे नेमाने गोळ्या घेत होता, तो आताच असा बेफिकीर का झाला, हे कोणी विचारत नाही. पुष्कळदा त्यामागे हट्ट नसतो, आणखी एक आजार असतो. त्याचे नाव नैराश्य, म्हणजेच डिप्रेशन.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातले बहुतेक टाइप टू प्रकारचे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त, काही अभ्यासांत जवळजवळ दुप्पट आढळले आहे.

हे दोन आजार एकमेकांना बळ देतात. मन खचले की चालणे बंद होते, गोळी चुकते, अवेळी खाल्ले जाते. सततच्या ताणाने शरीरात कॉर्टिसोल वाढते आणि त्यामुळेही साखर चढते. साखर चढली की थकवा येतो, रात्री लघवीला उठून झोप मोडते, पायांची आग होते, डोळ्यांची व किडनीची धास्ती वाटते. त्याने मन अधिकच खचते.

ओळखावे कसे?

एखाद्या दिवसाची उदासी म्हणजे नैराश्य नव्हे. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहत असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर सावध व्हावे. नातवंडांशी न बोलणे, दुकानावर जायला टाळाटाळ, झोप व भूक बिघडणे, ‘मी घरावर ओझे आहे’ असे म्हणणे, ही लक्षणे आहेत.

थकवा साखरेमुळेही येतो, म्हणून तपासणी हवी. तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्यावे. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकते आणि त्यानेही मरगळ येते.

हे ईमानाचे दुबळेपण नव्हे

‘नमाज पढा, सगळे ठीक होईल’ एवढे सांगून आपण मोकळे होतो. नमाजने दिलासा मिळतो, यात शंका नाही. पण आजारी माणसाला त्यातून ‘तुझे ईमान कच्चे आहे’ असे ऐकू येते. हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगाने इतके रडले की त्यांची दृष्टी गेली. दुःख होणे हा गुन्हा असता, तर कुरआनने ते असे सांगितले नसते. उपचार करून घेण्याची शिकवणही पैगंबरांनी (स.) दिली आहे.

रमजानमध्ये हा सल अधिक टोचतो. डॉक्टरांनी रोजा मना केला की वडीलधारी माणसे अपराधी वाटून घेतात. आजाऱ्याला दिलेली सवलत हीसुद्धा अल्लाहचीच देणगी आहे, हे त्यांना घरच्यांनी आणि आलिमांनी समजावून सांगावे. इन्सुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

उपचार आहेत

दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित कार्यकर्ते रुग्णाची नियमित विचारपूस करत आणि मधुमेहाचे व मनाचे डॉक्टर मिळून उपचार ठरवत. नेहमीच्या उपचारांपेक्षा याचा फायदा अधिक दिसला.

आपल्याकडे जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागात दाखवता येते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; त्या मनाने बंद करू नयेत. काही गोळ्यांनी साखर किंवा वजन बदलते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना सर्व औषधे दाखवावीत. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे कोणी म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी.

घरात काय करावे?

दस्तरखानवर एकट्याचे ताट वेगळे मांडू नका. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, हिरवी भाजी सगळ्यांनीच खावी; शेवभाजी आणि शीरखुर्मा सगळ्यांनीच बेताने घ्यावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसा चालणे अशक्य, तेव्हा फजरनंतर मेहरूण तलावाकडे किंवा पांझरेच्या काठाने एकाने सोबत जावे. अम्मी, दादी, खाला यांचे दुखणे तर ‘घरकामाचा शीण’ म्हणून मागेच पडते. त्यांच्याकडे आधी बघा.

रिपोर्ट हातात आला की ‘साखर किती?’ हा प्रश्न आपण विचारतोच. त्याच्या आधी ‘मन कसे आहे?’ असे विचारू या, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत जवळ बसू या.