पहिला ट्रॅक कुठला?

एक ट्रॅक संपायच्या आत दुसरा त्याच्याच ठेक्यावर आणून बसवायचा आणि तासभर लय तुटू द्यायची नाही, हे डीजे मिक्सचे मूळ तंत्र. ते सरावाने जमते. अडते ते त्याच्याही आधी, पहिला ट्रॅक निवडताना. लायब्ररीत शेकडो ट्रॅक असतात, कंट्रोलर जोडलेला असतो, हेडफोन कानावर असतो. तरी संध्याकाळ सरते आणि एकही ट्रान्झिशन रेकॉर्ड झालेले नसते. आपल्यातले काही संपले, असा अर्थ यातून काढणे चूक आहे. अडण्याची कारणे बहुतांशी या कामाच्या घडणीतच असतात, आणि उपायही तिथेच सापडतात.

मंचावर ही अडचण फारशी जाणवत नाही. गोव्यात २००७ पासून भरणारा सनबर्न महोत्सव २०१६ च्या डिसेंबरात पुण्यात आला, तो खराडीहून नगर रस्त्याने पुढे, वाघोलीजवळच्या केसनंदला. अशा ठिकाणी डीजेला वेळ नेमून दिलेली असते, आधीच्या कलाकाराने ठेका कुठे आणून सोडला ते ऐकू येते, समोरचे लोक नाचतात की थबकतात ते दिसते. निम्मे निर्णय परिस्थितीच घेते. खराडीच्या ईऑन आयटी पार्कमधली शिफ्ट आटोपून घरच्या खोलीत मिक्स करायला बसणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. समोर कोणी नाही, आधी कोणी वाजवलेले नाही, घड्याळाचे बंधन नाही. मोकळीक पूर्ण असते आणि तीच अंगावर येते.

किती, ते गणिताने कळते. तासाभराच्या मिक्सला १२ ट्रॅक लागतात असे धरले, आणि ते १२ आधीच निवडलेले असले, तरी त्यांचे वेगवेगळे क्रम ४७ कोटी ९० लाखांहून अधिक होतात. पहिला आणि शेवटचा ट्रॅक पक्का केला की उरतात सुमारे ३६ लाख. दोन निर्णयांत शक्यता १३२ पटींनी कमी होतात.

पर्याय वाढले की निवड अवघड होते का, हा मानसशास्त्रातला जुना वाद आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुकानातल्या टेबलावर कधी २४, तर कधी ६ प्रकारचे जॅम मांडले होते. २४ पाहून थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी जॅम विकत घेतला, ६ पाहून थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा हा परिणाम सरसकट दिसला नाही. मात्र आपल्याला काय हवे हेच ठरलेले नसेल आणि पर्यायांची तुलना किचकट असेल, तर तो ठळक होतो, असे नंतरच्या विश्लेषणांनी दाखवले. नवा मिक्स सुरू करणाऱ्याची अवस्था नेमकी हीच असते.

म्हणून पहिले काम दारे बंद करण्याचे. त्याची साधने या कलेतच आहेत. ठेक्याचा वेग मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएममध्ये मोजतात. टेम्पो आणि स्वर बांधलेले असतील, तर वेग ६ टक्के वाढवला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. त्यामुळे फार दूरच्या वेगाचे ट्रॅक आपोआप गळतात. कॅमलॉट चक्रात २४ स्वरपट्ट्यांना १ ते १२ क्रमांक आणि ए किंवा बी अशी खूण दिलेली असते. ८ए च्या ट्रॅकनंतर ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी सहसा सुरात बसतो. तिसरे बंधन वाक्यरचनेचे. नृत्यसंगीत बहुधा आठ-आठ किंवा सोळा-सोळा मात्रावर्तनांच्या तुकड्यांत चालते. चार ठोक्यांची सोळा आवर्तने म्हणजे ६४ ठोके, १२८ बीपीएमला बरोबर ३० सेकंद. दोन ट्रॅकचे तुकडे एकाच क्षणी सुरू झाले की जोड कानाला खटकत नाही. एका वेगपट्ट्यातले, शेजारच्या स्वरपट्ट्यांतले वीसेक ट्रॅक वेगळ्या क्रेटमध्ये काढले आणि बाकीची लायब्ररी त्या दिवसापुरती बंद ठेवली, तर प्रश्न हाताळण्याजोगा होतो.

बंधनाने काय साधते याचे महाराष्ट्रातले फार सुंदर उदाहरण मुंबईत घडले. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. हा डीजे मिक्स नव्हे, पण सुरुवातीचा पेच तोच. हाताशी रोलँडची नवी यंत्रे होती: टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८. त्यांतून काहीही निघू शकले असते. सिंग यांनी दोन अटी घातल्या. ठेका डिस्कोचा, स्वर रागाचे. भूपाळी आणि मालकंस यांत तर पाचच स्वर. टीबी-३०३ मधली एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मींडेच्या जवळ जाणारी, आणि ती तिथे खुलली. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बहरलेल्या अ‍ॅसिड हाउसशी तिचे साम्य ऐकून जगभरचे श्रोते चकित झाले.

दुसरा अडथळा मनातल्या परीक्षकाचा. चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्रॉन यांनी २००८ मध्ये सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावले. पाठ केलेली धून वाजवतानाच्या तुलनेत उत्स्फूर्त वादनात स्वतःवर देखरेख ठेवण्याशी निगडित असलेला पुढच्या मेंदूचा बाजूचा भाग शांत झाला आणि मधला भाग अधिक सक्रिय झाला. सहाच वादक, तेही जॅझचे, तेव्हा निष्कर्ष जपून वापरावा. तरी करणे आणि तपासणे वेगळ्या वेळी ठेवण्याची कलावंतांची जुनी सवय त्याच्याशी जुळते. पहिला टेक न थांबता शेवटपर्यंत रेकॉर्ड करावा, चुकलेल्या जोडासकट. शिवाय मिक्स पहिल्या मिनिटापासूनच बांधायला हवा असेही नाही. एकमेकांत हमखास बसणारे दोन ट्रॅक घेऊन मधलाच जोड आधी करावा. मग आधी काय आणि नंतर काय, हे प्रश्न बरेच आटोपशीर होतात.

तिसरा अडथळा सवयीचा. अब्राहम लुचिन्स यांच्या १९४२ च्या पाण्याच्या भांड्यांच्या कोड्यांत, एक लांबलचक रीत अंगवळणी पडलेल्यांना पुढची सोपी वाट दिसेनाशी झाली. डीजेचेही तसेच होते: हात त्याच त्या जोड्यांकडे जातो. इथे खुर्ची सोडणे उपयोगी पडते. मेरिली ओपेझो आणि डॅनिएल श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना वस्तूंचे नवे उपयोग जास्त सुचले, आणि चालून येऊन बसल्यावरही काही काळ हा लाभ टिकला. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही तो मिळाला. खराडीच्या रहदारीत चालायला जागा शोधत बसणाऱ्याने ही गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. सोसायटीची गच्ची पुरते. एकच नेमके उत्तर असलेल्या कोड्यांत मात्र चालणारे किंचित मागे पडले. त्यामुळे चालताना नव्या जोड्या सुचू द्याव्यात, फोनवर टिपून ठेवाव्यात. कोणती जोडी सुरात आणि ठेक्यात खरोखर बसते, ते परत हेडफोन लावून, बसून ठरवावे.