घारापुरी: वीज आली, आता लाँचची पाळी

मुंबईकरांसाठी ते एलिफंटा, गेटवेहून लाँचने तासाभराच्या अंतरावरचं. पनवेल तालुक्यातल्या न्हाव्याच्या माणसाला मात्र घारापुरी म्हणजे समोरचं गाव. तालुका उरण, जिल्हा रायगड. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या मिळून हजार-बाराशे लोकवस्ती. (उरणचं मोरा बंदर निराळं, नवखे इथे हमखास घोटाळा करतात.)

१९८७ साली युनेस्कोने इथल्या लेण्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यानंतरची तीस वर्षं त्रिमूर्ती पाहायला जगभरचे लोक येत राहिले, आणि शेवटची लाँच सुटली की बेट अंधारात बुडत राहिलं. पर्यटन महामंडळाचा डिझेल जनरेटर संध्याकाळी तीन-साडेतीन तास चालायचा. पोरांचा अभ्यास, मोबाइलचं चार्जिंग आणि टीव्हीवरची मालिका, सगळं तेवढ्यात उरकायचं. फ्रिज घेऊन करायचं काय? पायऱ्यांवरच्या सरबतवाल्याला बर्फ हवा असेल तर तोही होडीतून येणार.

फेब्रुवारी २०१८ मध्ये हे चित्र पालटलं. महावितरणने न्हाव्याच्या बाजूने समुद्राच्या तळाशी सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली. खर्च आला पंचवीस कोटींच्या आसपास. तिन्ही वस्त्यांत ट्रान्सफॉर्मर बसले आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी घरोघरी मीटर फिरू लागला.

आता या विजेला स्वच्छ म्हणायचं का? निम्मंच. जनरेटरची धडधड आणि धूर गेला, हे खरं. पण राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावरच तयार होते. म्हणजे धूर बेटावरून हलला, पण संपला नाही. शिवाय मुंबई आणि जेएनपीए या दोन बंदरांच्या जहाजांची वर्दळ भोवताली असताना एकाच केबलवर भिस्त ठेवणं जोखमीचं. एखाद्या जहाजाचा नांगर त्या केबलला पुरेसा आहे. शाळा, ग्रामपंचायत आणि जेट्टीवरच्या शेडवर सौर पॅनल हवेतच, निदान रात्रीच्या दिव्यांपुरते.

वाहतुकीत बेट आपल्यापेक्षा पुढे आहे. इथे मोटारी नाहीत. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत मिनी ट्रेन आणि पुढे शंभरावर पायऱ्या. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी डोली. प्रश्न आहे तो पाण्यावरचा. बेटाला येणाऱ्या लाँच डिझेलवर चालतात, आणि सुटताना त्यांचा काळा धूर धक्क्यावर उभ्या असलेल्यांच्या तोंडावर येतो.

केरळात वैकमजवळ जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही पंचाहत्तर आसनांची सौर फेरीबोट धावते आहे. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ पासून बॅटरीवर बेटं जोडते आहे. तिथलं पाणी बंदिस्त, आपलं खुलं. पावसाळ्यात गेटवेच्या मार्गावर लाटांशी झुंजणं बॅटरीच्या बोटीला सोपं नाही, हे मान्य. म्हणूनच गेटवेपासून सुरुवात करण्याचा हट्ट धरू नये. न्हावा ते मोराबंदर हा पल्ला छोटा आहे आणि दोन्ही काठांवर वीज आहे. पहिली विजेवरची बोट इथेच, गावकऱ्यांच्या रोजच्या जाण्या-येण्यासाठी सुरू व्हावी. पर्यटकांचं नंतर पाहता येईल.

जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: सोमवारी लेणी बंद असतात आणि पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही.